आधी गाणी बाहेर काढा

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं एकाच विषयाची आहेत : घरात वर्षानुवर्षं जपलेला संगणक आणि त्यातलं संगीताचं सॉफ्टवेअर आता कुणाला द्यावं? याला कारणही आहे. २०२५ मध्ये दोन दारं बंद झाली. २० मे रोजी स्टाइनबर्ग कंपनीची ई-लायसेन्सर ही परवाना-सेवा थांबली आणि १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा नियमित आधार संपला. त्यामुळे बरेच घरगुती स्टुडिओ एकदम ‘जुने’ ठरले. निवडक पत्रांना इथे उत्तरं देतो आहे.

प्रश्न : माझे यजमान भावगीतांना चाली लावत, बालनाट्यांचं संगीत करत. दीड वर्षापूर्वी ते गेले. त्यांच्या खोलीत पेंटियम ४ संगणक, मागे तारांचं जाळं, क्युबेस एसएक्स ३ ची खोकी आणि संगणकाला टोचलेला एक छोटा यूएसबी तुकडा आहे. मुलगा म्हणतो, भंगारात देऊन टाक. मला वाटतं, एखाद्या होतकरू मुलाच्या हाती पडावं. काय करू? — वाचक भगिनी, पुणे

तो यूएसबी तुकडा जिथे आहे तिथेच राहू द्या. पेन ड्राइव्ह समजून कुणी तो उचलून नेईल, म्हणून त्यावर आजच नाव लिहून चिकटवा. त्याला डोंगल म्हणतात. तुमच्या यजमानांनी पैसे मोजून घेतलेला क्युबेसचा, म्हणजे स्टाइनबर्गच्याच संगीत-सॉफ्टवेअरचा, परवाना संगणकात नसून त्या तुकड्यात आहे. तो काढला की क्युबेस उघडणारच नाही. पूर्वी डोंगल बिघडला तर कंपनीकडे दाद मागता येत असे, परवाना दुसऱ्या डोंगलवर हलवता येत असे. ती सोय ई-लायसेन्सरबरोबर संपली. आहे तो डोंगल मात्र चालतो तोवर चालेल. म्हणून संगणक, डोंगल, सीडी आणि खोकं या चार वस्तू आता एकमेकींपासून वेगळ्या करू नका.

पण यंत्रासाठी नवं घर शोधण्याच्या आधी करायचं काम दुसरंच आहे. त्या संगणकात तुमच्या यजमानांची गाणी आहेत. यंत्र कुणालाही मिळेल. ती गाणी दुसरीकडे कुठेही नाहीत. ती बाहेर निघेपर्यंत संगणक कुणालाही देऊ नका, भंगारवाल्याला नाही आणि गुणी विद्यार्थ्यालाही नाही.

यजमानांच्या सहकाऱ्यांपैकी क्युबेस वापरलेला कुणी रेकॉर्डिस्ट किंवा अरेंजर असेल तर त्याला बोलवा. दीड वर्ष बंद असलेला संगणक थेट चालू करू नये. आधी झाकण उघडून धूळ काढावी आणि मदरबोर्डवरचे नळकांडीसारखे कपॅसिटर नीट पाहावेत. त्या काळातल्या पुष्कळ मदरबोर्डवर निकृष्ट कपॅसिटर बसवले गेले होते. त्यांचा माथा फुगलेला किंवा ओघळलेला दिसला, तर वीज न देता फक्त हार्ड डिस्क काढून घ्यावी. ती रुंद पट्टीच्या केबलची, आयडीई जातीची असेल, तर ती यूएसबीला जोडणारा अडॅप्टर संगणक दुरुस्तीच्या दुकानात मिळतो. सगळं ठीक दिसलं तरीही पहिलं काम डिस्कची संपूर्ण नक्कल करण्याचंच. चालू केल्यावर तारीख चुकीची दाखवून यंत्र अडलं, तर घाबरू नका. आतला नाण्याएवढा सेल संपला आहे, तो बदलता येतो. आणि या संगणकाला इंटरनेट जोडू नका. त्यात बहुधा विंडोज एक्सपी असेल आणि तिचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपलेला आहे.

मग एकेक गाणं उघडायचं. प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढायचा. बासरी दुसऱ्या कडव्यात येत असली तरी तिची फाइल शून्यापासूनच सुरू व्हावी. असं केलं की उद्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सगळे ट्रॅक एकाखाली एक ठेवले की आपोआप जुळतात. मिडीचे, म्हणजे आवाजाऐवजी सुरांच्या सूचना साठवणारे, ट्रॅक मिडी फाइल म्हणूनही काढावेत आणि गाण्याची लय आकड्यात लिहून ठेवावी. नुसती क्युबेसची फाइल नकलून भागत नाही. नव्या क्युबेसमध्ये ती कदाचित उघडेल, पण त्यातली वाद्यं वाजणार नाहीत. जुनी वाद्यं ३२-बिट प्लगइनमध्ये होती आणि क्युबेसने २०१६ मधल्या नवव्या आवृत्तीपासून ती बंद केली. वेव्ह फाइलचं तसं नाही. ती आजही सगळीकडे वाजते. जागेची चिंता नको. सीडीच्या दर्जाचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ५.३ एमबी घेतो. पाच मिनिटांचं, वीस ट्रॅकचं गाणं अर्ध्या जीबीच्या आसपास बसतं.

प्रत्येक गाण्यासोबत कवी, गायक, वादक आणि वर्ष लिहून ठेवा. हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. आपल्या कायद्यानुसार चालींवरचा स्वामित्वहक्क संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो आणि मृत्युपत्रात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर तो वारसांकडे येतो. त्या चाली आता तुमच्या आणि तुमच्या मुलाच्या आहेत, हे त्यालाही सांगा.

आता होतकरू मुलाबद्दल. त्याला पेंटियम ४ देऊ नका. त्याच्याकडे आज जो काही लॅपटॉप असेल तो याहून वेगवान आहे आणि जुन्या यंत्राशी झटण्यातच त्याचा उत्साह संपेल. त्याला द्यायचं ते त्याच खोलीतलं दुसरं सामान : मायक्रोफोन, हेडफोन, स्पीकर, मिक्सर आणि मिडी कीबोर्ड. मिडीची रीत १९८३ मध्ये ठरली. पाच पिनांचा तो गोल सॉकेट असलेला कीबोर्ड आजच्या लॅपटॉपला साध्या यूएसबी-मिडी केबलने जोडता येतो. चांगला मायक्रोफोन तर वीस वर्षांत जुना होतच नाही. यातून मुलाचा खराच फायदा होईल.

आणि संगणक? ज्याच्याकडे त्याच काळातली क्युबेसची गाणी अडकून पडली आहेत, असा एखादा संगीतकार किंवा जुना स्टुडिओ त्याचं योग्य घर. मराठी नाटक-सिनेमाच्या क्षेत्रात अशी माणसं पुष्कळ आहेत. यजमानांच्या सहकाऱ्यांकडे शब्द टाका.

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाने १९९० च्या सुमारास लंडनहून अटारी १०४० एसटी आणला होता. सोबत काळापांढरा मॉनिटर, क्युबेस आणि पन्नासेक फ्लॉपी आहेत. परदेशातल्या संग्रहालयाला पाठवावा का? — वाचक, ठाणे

भावाची निवड उत्तम होती. अटारी एसटी १९८५ मध्ये आला, १ एमबी स्मृतीचा १०४० पुढच्या वर्षी. मिडीचे सॉकेट त्याच्या अंगातच होते, वेगळं कार्ड घ्यावं लागत नव्हतं. त्यामुळे युरोपातल्या संगीतकारांनी तो उचलून धरला. क्युबेसचा जन्म १९८९ मध्ये याच यंत्रावर झाला आणि ॲपलचं आजचं लॉजिक ज्या घराण्यातून आलं तो नोटेटर कार्यक्रमही याच यंत्रावरचा. ८ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर असूनही मिडीच्या बाबतीत त्याचं टायमिंग इतकं पक्कं आहे, की काहीजण आजही त्यासाठी तो वापरतात.

आधी यंत्राच्या डाव्या अंगाला पाहा. तिथल्या कार्ट्रिजच्या खाचेत एक काळा तुकडा खोचलेला असायला हवा. क्युबेसची किल्ली ती. यंत्र चालू असताना ती काढू-घालू नका. किल्ली नसेल तर कपाटं, खोकी, जुन्या बॅगा सगळं शोधा, कारण तिच्यावाचून त्या फ्लॉपींवरचं क्युबेस मुकं आहे. काळापांढरा मॉनिटरही सोबत हवाच. अटारीवरचं क्युबेस त्याच उच्च रेझोल्यूशनसाठी लिहिलेलं होतं, घरच्या टीव्हीवर ते चालत नाही.

संग्रहालयाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. केंब्रिजचं सेंटर फॉर कम्प्युटिंग हिस्टरी किंवा कॅलिफोर्नियातलं कम्प्युटर हिस्टरी म्युझियम या मोठ्या संस्था आहेत, पण अटारी एसटी दुर्मीळ नाही. काचेचा जड मॉनिटर पाठवण्याचा खर्च आणि वाटेत फुटण्याची भीती पाहता मी यंत्र पाठवणार नाही. तुमच्याकडे जगावेगळं आहे ते पन्नास फ्लॉपींवर. नव्वदच्या दशकात एका मराठी माणसाने अटारीवर आपलं संगीत कसं रचलं, ठेका मिडीत कसा बसवला, याचा दाखला कुठल्याच परदेशी संग्रहालयात सहज सापडणार नाही. त्या फ्लॉपींच्या प्रतिमा-फाइल करून घ्या. हतारी नावाच्या मोफत कार्यक्रमातून त्या आजच्या संगणकावर उघडून पाहता येतात. भावाच्या वह्या, कागद, कॅसेट सोबत जोडा. मग यंत्र मुंबई-पुण्यात जुने संगणक चालते ठेवणाऱ्या एखाद्या छांदिष्टाला द्या. देताना एकच अट घाला : काचेच्या कपाटात ठेवणार असशील तर नको, वाजवणार असशील तर ने.

प्रश्न : मी निवृत्त प्राध्यापक. १९९४ मध्ये टर्बो सी मध्ये तालांचा एक प्रोग्रॅम लिहिला होता. बोल टंकले की संगणक मात्रा मोजून ठेका मांडतो, दुगुन-चौगुन करतो. आता तो कुणाच्या उपयोगाचा? — वाचक, कोल्हापूर

तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. बाकीच्यांनी सॉफ्टवेअर विकत घेतलं, तुम्ही ते घडवलंत. परवान्याचा प्रश्नच नाही, मालक तुम्हीच आहात.

याच वाटेवरचं एक मोठं काम तुम्हाला माहीत असेल. ऐंशीच्या दशकात बर्नार बेल आणि जेम्स किपेन यांनी बोल प्रोसेसर हा कार्यक्रम लिहिला. लखनौचे तबलावादक उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्या परंपरेतले कायदे आणि त्यांचे विस्तार कोणत्या नियमांनी होतात, हे संगणकाला शिकवायचा तो प्रयत्न होता आणि तोही ॲपल टूसी या छोट्या यंत्रावर. ते यंत्र गेलं, पुढची मॅकिंटॉशची आवृत्तीही जुनी झाली, तरी कार्यक्रम जिवंत आहे, कारण त्याचा मूळ संकेत (सोर्स कोड) सगळ्यांसाठी खुला केला गेला. बेल यांचं नातं महाराष्ट्राशीही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव जाऊन गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या ध्वनिमुद्रणात आणि संगणकीय नोंदींत त्यांचा वाटा आहे. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो ठेवा आता ‘परी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संस्थेकडे आहे आणि सगळ्यांसाठी खुला आहे.

तुमच्या कामाचं तसंच करा. चालणारी एक्सई फाइल आणि मूळ सी फाइली दोन्ही फ्लॉपीवरून काढा. मूळ फाइली जास्त महत्त्वाच्या. डॉसबॉक्स या मोफत कार्यक्रमात तुमचा प्रोग्रॅम आजही चालेल. पडद्यावर तो चालतानाचा व्हिडिओ करा आणि दोन पानं मराठीत लिहा : कोणते बोल कसे टंकायचे, तिहाईचा हिशेब कसा केला, काय जमलं नाही. मग एखादा खुला परवाना जोडून सगळं सार्वजनिक संकेत-भांडारात ठेवा. फ्रान्समधल्या इन्रिया संस्थेने २०१६ मध्ये सॉफ्टवेअर हेरिटेज हा उपक्रम सुरू केला. असा खुला संकेत तिथे कायमचा जतन होतो. संगणकशास्त्र आणि तबला दोन्ही शिकणारी मुलं आज कोल्हापुरातही सापडतील. त्यांतल्या एकाला हे काम स्वतः बसून समजावून सांगा.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावातल्या संगीत विद्यालयाला एका कंपनीने सहा वापरलेले संगणक देऊ केले आहेत. घ्यावेत का? — संचालक, सांगली जिल्हा

घेण्याआधी विचारा : प्रोसेसर ६४-बिट आहे का, स्मृती किमान ४ जीबी आहे का, पॉवर केबल आणि मॉनिटर सोबत आहेत का, आणि मुलांसमोर चालू करून दाखवाल का? या चार प्रश्नांना ‘हो’ असेल तर आनंदाने घ्या. नसेल तर आभार मानून नको म्हणा. संस्था गरीब आहे म्हणून तिने अडगळ स्वीकारावी, हे मला अजिबात मान्य नाही. न चालणारं यंत्र दान म्हणून आलं की त्याची विल्हेवाट लावण्याचं काम आणि खर्च तुमच्या गळ्यात पडतो.

चांगले निघाले तर प्रत्येकात छोटी एसएसडी बसवा. एवढ्या एका बदलाने जुना संगणक ओळखू येणार नाही इतका चपळ होतो. विंडोज १० वर अडकून राहण्यापेक्षा लिनक्स घाला. ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी पुरेसं आहे. ते मोफत आहे आणि २००० पासून सुधारत आलं आहे. विद्यार्थ्याने आपला यमन ध्वनिमुद्रित करून लगेच ऐकणं, तानेचा तुकडा अर्ध्या लयीत ऐकून गळ्यात बसवणं, यासाठी याहून जास्त काही लागत नाही. म्युझस्कोअर पाश्चात्त्य स्वरलेखनासाठी उत्तम आहे, पण भातखंडे किंवा पलुस्कर पद्धतीचं लेखन त्यात सहज होत नाही. ते वहीतच करा. आणि देणाऱ्याने ‘सगळी महागडी सॉफ्टवेअरं आत टाकून देतो’ म्हटलं, तर परवाने मागा. परवाना नसेल ते सगळं पुसायला लावा. शाळेच्या यंत्रात चोरीची प्रत नको.

प्रश्न : मूळ सीडी, खोकं, पावती सगळं आहे. सॉफ्टवेअर विकता येईल का? — वाचक, नागपूर

ते परवान्याच्या करारावर अवलंबून आहे, पावतीवर नाही. काही कंपन्या मालकी बदलण्याची नोंद करून देतात. आयलॉक या परवाना-सेवेवरचा परवाना, उत्पादकाची संमती असेल तर, दुसऱ्या खात्यावर हलवता येतो. ॲपलच्या ॲप स्टोअरमधून घेतलेलं लॉजिक मात्र दुसऱ्याला देता येत नाही. विद्यार्थी सवलतीत घेतलेल्या प्रतीही बहुधा अडतात. आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात सुरक्षिततेसाठी स्वतःपुरती प्रत करून ठेवायला मुभा आहे. मूळ विकून प्रत स्वतःकडे ठेवायला नाही. कंपनीला ई-मेल पाठवा, लेखी उत्तर घ्या, मगच गिऱ्हाईक शोधा.

प्रश्न : लग्नसमारंभात आणि तियात्रात वाजवण्यासाठी वडिलांनी कीबोर्डवर बसवलेल्या साथीच्या फ्लॉपी आहेत. काहींवर पांढरट डाग दिसतात. — वाचक, मडगाव

तो बुरा आहे. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत तो धरतोच. डाग असलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरा ड्राइव्हच्या डोक्याला चिकटतो, पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते आणि ड्राइव्हही बिघडतो. डाग नसलेल्या आधी वेगळ्या काढा, प्रत्येकीच्या कोपऱ्यातली खिटी सरकवून लेखन बंद करा आणि यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हने नकला. वडिलांनी साथ मिडी फाइल म्हणून साठवली असेल, तर ती आजही मिडी फाइल वाचणाऱ्या कुठल्याही कीबोर्डवर वाजेल. कंपनीच्या खास पद्धतीने साठवली असेल, तर मूळ कीबोर्ड शोधा आणि त्यावर वाजवून आवाजही ध्वनिमुद्रित करा. डागाळलेल्या फ्लॉपी स्वच्छ करण्याचं काम जाणकारावर सोपवा. तोवर त्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा.

प्रश्न : संगणक पूर्ण मेला आहे. आता तरी भंगारात देऊ ना? — वाचक, नाशिक

द्या, पण योग्य हाती. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच जायला हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अशा उद्योगांची यादी असते आणि अनेक महापालिका संकलनाची शिबिरं भरवतात. दारावरच्या भंगारवाल्याकडे गेलेल्या तारा पुष्कळदा तांब्यासाठी उघड्यावर जाळल्या जातात. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं. देण्याआधी हार्ड डिस्क काढून स्वतःकडे ठेवा. मेलेल्या यंत्राची डिस्क बऱ्याचदा शाबूत असते.

पुढच्या अंकासाठी लिहिताना पत्रात एवढं अवश्य कळवा : यंत्राचं नाव, सॉफ्टवेअर आणि त्याची आवृत्ती, डोंगल किंवा किल्ली आहे की नाही, आणि यंत्र शेवटचं कधी चालू केलं होतं. शक्य असेल तर मागच्या बाजूच्या सगळ्या सॉकेटांचा एक स्पष्ट फोटो जोडा. आणि उत्तराची वाट पाहताना डिस्कची नक्कल करून घ्या. त्या कामासाठी माझ्या उत्तराची गरज नाही.